कोंड्याचा मांडा

आपल्या घरातील औषधांच्या कपाटात अन्नपचनाची एखादी बाटली किंवा गोळ्यांची पट्टी बहुधा असेलच. लग्नकार्यातील पंगतीनंतर, होळीच्या पुरणपोळ्यांनंतर किंवा घरातील वडील माणसांस पोट जड वाटू लागले म्हणजे ती बाहेर निघते. पुढच्या वेळी ती हाती येईल तेव्हा तिच्यावरील बारीक अक्षरे जरा निरखून पाहावीत. पुष्कळदा तेथे ‘फंगल डायस्टेस’ असे दोन शब्द आढळतील. त्यांपैकी पहिल्या शब्दाचा अर्थ आहे ‘बुरशीपासून मिळालेले’. जिचा हिरवट-काळसर थर दिसताच आपण पावाचा तुकडा फेकून देतो आणि जिच्या भयाने लोणच्याच्या बरणीवर फडके बांधतो, त्याच बुरशीच्या कुळातील एका जातीकडून करवून घेतलेले द्रव्य आपण चमचाभर मोजून घेतो. आणि ते द्रव्य तयार करण्यासाठी त्या बुरशीस परंपरेने जे अन्न पुरविले गेले, ते म्हणजे गव्हाचा कोंडा.

कोंड्याचा मांडा करणे हा आपल्या भाषेतील गौरवाचा वाक्प्रचार आहे. हाताशी फारसे काही नसताना ज्या गृहिणीने घराची अब्रू राखली, तिच्याविषयी तो वापरतात. रसायनशास्त्रज्ञांनी गेल्या सव्वाशे वर्षांत कोंड्याशी हाच खटाटोप मांडला आहे. कोंडा त्यांनी प्रथम हाती घेतला तो स्वस्त म्हणून. परंतु पुढे असे दिसून आले की, या कामी त्याचा खरा उपयोग त्याच्या चिवटपणामुळे होतो. ही गोष्ट वरवर उलटी वाटते. म्हणून ती थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

पेल्यातील प्रयोग

औषधातील ते द्रव्य म्हणजे एक विकर, अर्थात एन्झाइम. विकरे ही सजीवांच्या शरीरात तयार होणारी प्रथिने होत. ती रासायनिक क्रियांना विलक्षण गती देतात, पण स्वतः त्या क्रियेत खर्ची पडत नाहीत. येथे पुष्कळांना दह्याच्या विरजणाची आठवण होईल. परंतु त्या दोहोंत भेद आहे. विरजणातील जिवाणू सजीव असतात, ते दुधात वाढतात. विकर सजीव नाही. ते वाळवून पूड करून बाटलीत भरता येते, आणि पाण्यात मिसळताच पुन्हा कामाला लागते.

विकराचे काम घरच्या घरी पाहता येते आणि मुलांना ते फार आवडते. चिमूटभर मक्याचे पीठ पेलाभर पाण्यात शिजवून अगदी पातळ खळ करावी आणि कोमट झाल्यावर ती दोन वाट्यांत सारखी वाटावी. एका वाटीत मुलाने चमचाभर लाळ टाकून ढवळावे. दुसरी तशीच ठेवावी. पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही वाट्यांत जखमेवर लावण्याच्या आयोडीनचा एकेक थेंब सोडावा. नुसत्या खळीचा रंग गडद निळा होईल. लाळ टाकलेल्या वाटीत तो निळा रंग फिका पडलेला किंवा मुळीच न उमटलेला दिसेल, कारण लाळेतील विकराने तेवढ्या अवधीत स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून त्यांची साखर करण्यास आरंभ केलेला असतो. (वाट्या मागाहून स्वच्छ घासून ठेवाव्यात आणि त्यांतील काही तोंडात जाऊ देऊ नये, हे वडीलधाऱ्यांनी पाहावे.)

हेच काम मोड आलेल्या धान्यातही चालते. नाचणीला मोड आणून, वाळवून केलेले सत्त्व किंचित गोड लागते ते याच कारणाने. आंसेल्म पायेन व ज्याँ-फ्राँस्वा पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ साली मोड आलेल्या बार्लीच्या अर्कातून हे द्रव्य वेगळे केले आणि त्यास ‘डायस्टेस’ असे नाव दिले. आपल्या बाटलीवरील दुसरा शब्द तो हाच.

जिचे पोट शरीराबाहेर असते

आता बुरशीकडे वळू. बुरशीस तोंड नाही, दात नाहीत, पोट नाही. वनस्पतीप्रमाणे उन्हापासून स्वतःचे अन्न करण्याची कलाही तिला अवगत नाही. तिचे शरीर म्हणजे कोळिष्टकाहूनही बारीक तंतूंचे जाळे. हे तंतू अन्नात शिरतात, आपल्या टोकांतून विकरे बाहेर सोडतात, अन्न जागच्या जागी पचवितात आणि विरघळलेला भाग शोषून घेतात. तिचे पोट तिच्या शरीराबाहेर असते, असे म्हटले तरी चालेल. मनुष्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. विकर मिळविण्यासाठी बुरशीचे शरीर कुटावे लागत नाही. ती ज्यावर वाढली ते पाण्याने धुतले की, विकर त्या धुवणात उतरते.

परंतु बुरशी उधळी नाही. विकर तयार करण्यास तिला शक्ती खर्चावी लागते, म्हणून समोर जे अन्न असेल त्यास लागेल तेच विकर ती मुख्यत्वेकरून सोडते. स्टार्च दिसले तर स्टार्च फोडणारे, प्रथिन दिसले तर प्रथिन तोडणारे, फळांच्या सालींतील पेक्टिन दिसले तर पेक्टिन विरघळविणारे. आणि तयार साखर पुढ्यात आली तर? तर ती बहुतेक विकरांचे काम थांबविते. आयते ताट मिळाल्यावर चूल कोण पेटविणार! शास्त्रज्ञांनी या गुणास भारदस्त नाव दिले आहे, पण त्यातील व्यवहार प्रत्येक संसारी माणसास ठाऊक असलेलाच आहे.

कोंड्याचे महत्त्व येथे कळते. गिरणीत मैदा व रवा काढून घेतल्यावर उरणारा कोंडा म्हणजे गव्हाच्या दाण्याची साल आणि तिला चिकटलेला थोडा पिठाळ भाग. त्यात साखर नाममात्र असते. स्टार्च असते, प्रथिने असतात, खनिजे असतात, आणि त्यांखेरीज पुष्कळसा काष्ठमय, चिवट भाग असतो. बुरशीस येथे उपाशी राहण्याचे कारण नाही, पण आयते काहीच मिळत नाही. प्रत्येक घास तिला विकर सोडून कमवावा लागतो. शुद्ध साखरेवर ठेवलेली बुरशी माजून वाढेल, मात्र आपल्या हाती फारसे काही देणार नाही. त्यात कोंड्याचे पापुद्रे हलके व खरखरीत. पाणी शोषूनही ते पोह्यांसारखे मोकळे राहतात आणि त्यांच्यामधून हवा खेळते. बुरशीस श्वासोच्छ्‌वासासाठी हवा लागतेच. असे दुसरे अंथरूण शोधून सापडणे कठीण.

ताकामिने यांचा उद्योग

ही गोष्ट प्रथम उद्योगात उतरविली ती एका जपानी गृहस्थाने, आणि तीही अमेरिकेत. जोकिची ताकामिने यांचा जन्म १८५४ साली ताकाओका येथे झाला. वडील वैद्यकी करीत. आईचे माहेर तांदळाचे मद्य, म्हणजे साके, तयार करणाऱ्यांचे. जपानात वाफवलेल्या तांदळावर ‘अ‍ॅस्परजिलस ओरायझी’ नावाची बुरशी वाढविण्याची रीत शतकानुशतके चालत आली आहे. त्या बुरशीयुक्त तांदळास ‘कोजी’ म्हणतात. साके, मिसो आणि सोयाबीनचा काळा रस्सा या तिन्ही जपानी पदार्थांचा पाया तोच. ही विद्या केवळ जपानचीच होती असे मात्र समजू नये. आपल्याच सिक्कीममधील ‘मार्चा’ आणि मणिपूरमधील ‘हामेइ’ या तांदळाच्या वाळवलेल्या वड्यांतही बुरश्या असतात, आणि त्या भाताचे स्टार्च साखरेत बदलतात. पूर्वेकडच्या देशांनी धान्य गोड करण्यासाठी बुरशी पोसली, पश्चिमेकडील देशांनी बार्लीला मोड आणले, असा हा साधारण भेद आहे.

ताकामिने यांचे शिक्षण तोक्यो येथे आणि पुढे ग्लासगो येथे झाले. १८८४ साली न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनास ते जपान सरकारतर्फे गेले. तेथे त्यांची ज्या कुटुंबाशी ओळख झाली, त्यातील कन्येशी तीन वर्षांनी त्यांनी विवाह केला, आणि १८९० साली ते अमेरिकेस स्थायिक होण्यासाठी निघाले. त्यांची कल्पना साधी होती. अमेरिकेत व्हिस्की करताना मक्याचे स्टार्च गोड करण्यास मोड आलेली बार्ली, म्हणजे माल्ट, वापरीत. बार्लीला मोड येण्यास दिवस लागत, जागा लागे आणि खर्च येई. त्याऐवजी कोजी वापरावी, आणि तीही महाग तांदळाऐवजी पिठाच्या गिरण्यांतून ढिगांनी निघणाऱ्या गव्हाच्या कोंड्यावर वाढवावी!

इलिनॉय राज्यातील पिओरिया हे गाव त्या काळी व्हिस्कीचे माहेरघर होते. तेथील ज्या प्रचंड व्यापारी संघाने ताकामिने यांना पाचारण केले, त्याच्या नावातच ‘मद्यनिर्मिती’बरोबर ‘पशुखाद्य’ हाही शब्द होता. कारण मद्य काढून उरलेला चोथा गुरांना घालणे हा त्याचा जोडधंदा. प्रयोग यशाच्या मार्गावर असतानाच १८९१ साली प्रयोगाची इमारत आगीत भस्मसात झाली. माल्टच्या धंद्यावर ज्यांचे पोट होते त्यांना हा नवा शोध मुळीच रुचलेला नव्हता, आणि त्यामुळे आगीविषयी तेव्हाही कुजबुज झाली व पुढेही होत राहिली. पुढे तो व्यापारी संघही मोडला. व्हिस्कीचा बेत संपला.

दुसऱ्या एखाद्याने गाशा गुंडाळला असता. ताकामिने यांनी तेच विकर औषध म्हणून पुढे आणले. कोंड्यावर बुरशी वाढवायची, ती पाण्याने धुऊन घ्यायची, त्या अर्कात अल्कोहोल घालून विकर साक्याच्या रूपाने खाली बसवायचे आणि वाळवून त्याची पूड करायची, अशी त्यांची कृती होती. तिचे पेटंट त्यांना १८९४ साली मिळाले. सूक्ष्मजीवांपासून विकर काढण्याच्या कृतीचे अमेरिकेतील हे पहिले पेटंट मानतात. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने हे औषध ‘ताका-डायस्टेस’ या नावाने बाजारात आणले, आणि पचनाच्या तक्रारींसाठी ते घरोघरी गेले. नात्सुमे सोसेकी या जपानी कादंबरीकाराच्या १९०५ साली प्रकाशित होऊ लागलेल्या ‘मी मांजर आहे’ या विनोदी कादंबरीतील पोटदुख्या मास्तर हेच औषध घेताना दिसतो, यावरून ते किती परिचित झाले होते हे कळावे. ताकामिने यांनी पुढे अ‍ॅड्रिनलिन स्फटिकरूपात मिळविले आणि वॉशिंग्टन शहरातील प्रसिद्ध चेरीवृक्षांच्या भेटीमागेही त्यांचा हात होता. परंतु त्या वेगळ्या कथा आहेत.

परातींची खोली

कोंड्यावर बुरशी वाढविण्याची कृती मूळ धाटणीत आजही तीच आहे. कोंड्यात जवळजवळ त्याच्या वजनाइतके पाणी मिसळून तो दाबाखालील वाफेने शिजवितात. त्याने आधीचे सर्व जंतू मरतात. निवल्यावर त्यात निवडलेल्या बुरशीचे बीजाणू कालवून तो उथळ परातींत दोन-तीन बोटे जाडीचा पसरतात. खोलीत उष्णतामान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि हवा दमट ठेवावी लागते. दुसऱ्या दिवशी कोंड्यावर पांढरी लव दिसू लागते. तीन-चार दिवसांत सर्व कोंडा एकमेकांत विणला जाऊन त्याची जाड वडी बनते. बीजाणू धरण्याच्या आत ती काढून घ्यावयाची.

सांगण्यास हे सोपे. करताना मुख्य अडचण उभी राहते ती उष्णतेची. गवताची गंजी ओली रचली तर ती आतून तापते, हे शेतकरी जाणतो. बुरशीचेही तसेच. वाढू लागली की ती स्वतः ऊब सोडते, आणि कोंडा उष्णतेस वाट देत नाही. थर चार बोटे अधिक जाड झाला तर मध्यभागी पारा ४० अंशांच्या वर जातो आणि बुरशी आपल्याच उबेने होरपळते. म्हणून परात उथळ ठेवावी लागते. परात उथळ म्हणून खोल्या मोठ्या लागतात. खोल्या मोठ्या म्हणून माणसे अधिक लागतात.

या अडचणीमुळेच दुसऱ्या महायुद्धानंतर जगातील बहुतेक विकर-उद्योग परातींकडून पोलादी टाक्यांकडे वळला. योगायोग असा की, त्या वळणावरही पिओरिया गावच उभे आहे. १९४१ साली पेनिसिलिनवर काम करणारे ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ तेथील सरकारी प्रयोगशाळेत पोचले. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारे भिजवणीचे घट्ट पाणी बुरशीच्या टाकीत घालताच पेनिसिलिनचे उत्पन्न अनेक पटींनी वाढले. ते पाणीही धान्यप्रक्रियेतील उरलेसुरलेच! द्रवात बुडवून, खालून हवा फुंकून, ढवळत बुरशी वाढविण्याची कला तेव्हापासून पक्की झाली. टाकीतील उष्णता पाण्याने काढून नेता येते, आम्लता क्षणोक्षणी मोजता येते, एकाच माणसाच्या देखरेखीखाली हजारो लिटर माल निघतो.

मग परातींचे दिवस संपले काय? तसे झाले नाही. टाकीतून विकर पातळ द्रावणात येते, त्यामुळे पाणी फार लागते आणि सांडपाणीही फार निघते. कोंड्यातून ते दाट मिळते. काही विकरे तर बुरशी कोंड्यावर असतानाच अधिक चांगली देते. हवेतील तंतूंना मोकळी वाढ हवी असते, आणि टाकीतील घुसळणीत ती मिळत नाही. जपानने परातीची विद्या कधी सोडलीच नाही. तेथे आता कोंडा यंत्रेच पसरतात व उलथतात. आपल्याकडे म्हैसूर येथे १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या पद्धतीवर अनेक वर्षे चिकाटीने काम केले. पाणी मोजून वापरावे लागणाऱ्या आणि कोंड्याची वाण नसलेल्या देशाने ही विद्या जुनाट म्हणून टाकून देणे शहाणपणाचे झाले नसते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एक इशारा येथेच दिला पाहिजे. हे वाचून कोणी घरी कोंडा भिजवून बुरशी वाढवू पाहील, तर त्याने तसे मुळीच करू नये. अ‍ॅस्परजिलस ओरायझीची अगदी जवळची नातलग ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही आपल्या हवेत सर्वत्र आहे, आणि डोळ्यांना दोघींतील भेद कळत नाही. एक माणसाळलेली, दुसरी रानटी. एक विकर देते, दुसरी त्याबरोबर अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृत पोखरणारे विष देते. १९७४ साली अवेळी पावसात भिजलेला व बुरसटलेला मका खाल्ल्याने राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांच्या खेड्यांत काविळीची साथ उसळली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. ती बहुतांशी गरीब आदिवासी कुटुंबे होती. दुसरे धान्य घरात नसल्यामुळे त्यांनी तो मका खाल्ला. २००५ साली ओरायझीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा विषाच्या जनुकांचे अवशेष तिच्यातही आढळले. परंतु ते मुके झालेले आहेत. म्हणूनच कारखान्यात कोणत्या बुरशीचे बीज वापरले, ते शुद्ध आहे की नाही, याची तपासणी फिरफिरून करावी लागते. विकराची कोरडी पूड श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो. बेकरीतील कामगारांत असे प्रकार आढळले आहेत. तेथे काम करणाऱ्यांच्या तोंडावर फडके आणि डोक्यावर धूळ ओढून घेणारा पंखा असावयासच हवा.

चीजचा डबा आणि तंबूचे कापड

पचनाच्या औषधाखेरीज ही विकरे आपल्या घरात कोठे कोठे येतात, ते पाहू. बेकरीचा पाव हलका व मऊ व्हावा म्हणून पिठात बुरशीचे स्टार्चभेदी विकर चिमूटभर घालतात. सफरचंदाचा बाटलीतील रस काचेसारखा नितळ दिसतो, कारण पेक्टिन विरघळविणाऱ्या विकराने त्यातील गढूळपणा बसविलेला असतो. कोंबड्यांच्या खाद्यात ‘फायटेस’ नावाचे विकर मिसळतात, म्हणजे धान्यात बंदिस्त असलेले फॉस्फरस त्यांच्या अंगी लागते आणि विष्ठेवाटे वाया जात नाही.

चीजची हकीकत मात्र अधिक सांगण्याजोगी आहे. चीजसाठी दूध साकळवावे लागते, आणि पाश्चात्त्य देशांत ते काम पूर्वापार ‘रेनेट’कडून करवीत. रेनेट म्हणजे दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातील विकर. १९६० च्या सुमारास चीजचा खप वाढला आणि वासरांची जठरे पुरेनाशी झाली. त्या काळात तोक्यो विद्यापीठाचे केई अरिमा यांनी दूध साकळविणाऱ्या सूक्ष्मजीवांचा शोध मांडला आणि ‘म्यूकर प्युसिलस’ या बुरशीत त्यांना हवे ते विकर सापडले. ते मिळविण्यासाठीही गव्हाचा कोंडाच कामी आला. आपल्यासारख्या देशात, जेथे असंख्य कुटुंबे वासराच्या जठराचे नाव निघताच डबा बाजूला सारतील, तेथे या शोधाचे मोल पैशात करता येत नाही. आज बुरशीच्या जोडीला जनुकतंत्राने घडविलेली विकरेही या कामी येतात. चीजच्या डब्यावर शाकाहाराची हिरवी खूण असेल, तर दूध साकळविण्यास वासरू लागले नाही, एवढे आपण निश्चित धरावे.

आता एका चोराची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील दमट बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू, पट्टे आणि गणवेष पाहता पाहता कुजू लागले. कुजलेल्या कापडांचे नमुने तपासणीसाठी परत पाठविण्यात आले. सॉलोमन द्वीपसमूहातील बूगनव्हिल बेटावरून आलेल्या तंबूच्या कापडावर एक हिरवी बुरशी निघाली. कापसाचा तंतू, म्हणजे सेल्युलोज, खाऊन टाकण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हते. एल्विन रीज व मेरी मँडेल्स यांनी तिच्या विकरांचा पुढे अनेक वर्षे अभ्यास केला, आणि १९७७ साली रीज यांच्या सन्मानार्थ तिचे नाव ‘ट्रायकोडर्मा रीजी’ असे ठेवले गेले. सुरुवातीचा हेतू कापड वाचविण्याचा होता. १९७३ नंतर खनिज तेल महागले तेव्हा प्रश्न उलटा फिरला: जी बुरशी तंबू खाते, ती गवत व पेंढा खाऊन साखर देईल काय? त्या साखरेपासून इंधन होईल काय? जगभर या कामी वापरल्या जाणाऱ्या ट्रायकोडर्माच्या सुधारित वाणांचे कूळ त्या एका कापडाच्या तुकड्यापर्यंत जाऊन पोचते. आपल्या मुलांच्या जीन्सचा विटका रंगही पुष्कळदा याच प्रकारच्या विकरांनी आणलेला असतो. पूर्वी त्यासाठी कापड दगडांबरोबर घुसळीत.

पेंढ्याचा प्रश्न आपल्या देशात किती निकडीचा आहे, हे पंजाब, हरयाणा व दिल्लीच्या वाचकांस सांगावयास नको. भाताची कापणी झाली की शेतांत पेटविलेल्या खुंटांचा धूर त्यांच्या घरात शिरतो. १० ऑगस्ट २०२२ रोजी हरयाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा जो इथेनॉल कारखाना राष्ट्रास अर्पण झाला, त्याची योजना दरवर्षी सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्याची आहे. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे. अशा कारखान्यात पेंढा प्रथम उष्णता व रसायनांनी सैल करतात, मग विकरे त्यातील सेल्युलोजची साखर करतात आणि यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. यांतील महागडी पायरी विकरांची. स्टार्च फोडण्यास जेवढे विकर लागते त्याच्या कितीतरी पट सेल्युलोजला लागते, आणि जागतिक विकर-व्यापाराचा मोठा भाग डेन्मार्कसारख्या देशांतील थोड्या कंपन्यांच्या हाती आहे. पेंढा आपला, शेतकरी आपला, आणि तो फोडण्याची किल्ली परदेशातून विकत घ्यावयाची, अशी ही स्थिती. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील जैवऊर्जा केंद्रासारख्या ठिकाणी याच किल्लीवर काम चालते. बुरशीस पेंढ्यावरच वाढवून कारखान्याच्या आवारातच विकर करून घेता आले, तर खर्चाचे गणित पुष्कळ बदलेल.

कोंड्यावर हक्क कोणाचा?

या विषयावरील लेखनात ‘टाकाऊ’ हा शब्द फार सैलपणे वापरतात. शहरातील वाचकास कोंडा टाकाऊ वाटेल; ज्याच्या दारी म्हैस बांधलेली आहे त्याला तसे वाटणार नाही. संध्याकाळच्या धारेआधी तिच्यापुढे आंबोण ठेवावे लागते आणि त्यात कोंडा व पेंड हवीच. उसाच्या चिपाडांचेही तसेच. साखर कारखाना ती स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळतो आणि वरकड वीज विकतो. विकरांसाठी जो कोंडा घेतला जातो त्याचे प्रमाण आज अल्प आहे, त्यामुळे म्हशीच्या तोंडचा घास जातो असे कोणी म्हणू नये. तरी उद्योग वाढावयाचा असेल तर ज्यावर कोणाचाच हक्क नाही, अशा मालाकडे त्याने वळले पाहिजे.

असा माल आपल्याकडे आहे. आपण एकादशीस जो साबुदाणा खातो तो तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून होतो. कंद किसून स्टार्च धुऊन घेतल्यावर जो ओला चोथा उरतो, त्यास तेथे ‘थिप्पी’ म्हणतात. त्यातही पुष्कळ स्टार्च राहिलेले असते. तिरुवनंतपुरम येथील राष्ट्रीय अंतरशाखीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत टॅपिओकाचा चोथा, खोबऱ्याची पेंड अशा मालावर बुरशी वाढवून विकरे काढण्याचे प्रयोग झाले आहेत.

विदर्भाच्या वाचकांस संत्र्याची साल अधिक जवळची वाटेल. रस काढल्यावर फळाचा सुमारे निम्मा भाग साल व चोथ्याच्या रूपाने उरतो, आणि त्यात पेक्टिन भरपूर. म्हणजे ज्या विकराने फळांचा रस नितळ करतात, ते विकर करावयास लावणारे अन्न रसाच्या कारखान्याच्या मागील दारीच पडलेले असते! अडचण दोन प्रकारची आहे. सालीत थोडी साखर राहून जाते, आणि आयती साखर मिळाली की बुरशी हात आवरते, हे आपण पाहिलेच. म्हणून साल आधी धुवावी लागते. दुसरे असे की कोंडा कोरडा, पोत्यात भरून महिनोन्‌महिने राहील. साल दोन दिवसांत सडते. ती ट्रकने दूर नेण्यात अर्थ नाही. परातींची खोली रसाच्या कारखान्यालगतच हवी. आंबिया बहराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या महिन्यांत त्याच परातींत गिरणीचा कोंडा पसरता येईल. फक्त बुरशीची जात व मागावयाचे विकर तेवढे बदलावे लागेल.